वाईट बातमीचं प्रॅक्टिकल

आमच्या उमरग्याच्या कॉलेजात पोलीस प्रशासन आणि सुरक्षा हा पदवीचा कोर्स सुरू झाला, तेव्हा ऑफिसात सगळ्यात जास्त नाक मुरडलं ते मी. पोरांना मैदानावर पळवायचं आणि सॅल्यूट ठोकायला शिकवायचं, त्याला विद्यापीठाची डिग्री कशाला? प्रवेशाचे अर्ज घेता घेता मी हे पोरांच्या तोंडावर बोलूनही दाखवायची. क्लार्कला एवढी जीभ नसावी, पण मला आहे.

मग शिकवायला नानासाहेब आले. रिटायर्ड फौजदार, सगळी नोकरी हायवेवरच्या ठाण्यांत गेलेली. पंचनामा, कायद्याची कलमं, मुलाखतीला जाताना दाढी का करायची, सगळं तेच शिकवायचे. त्यांचा वर्ग माझ्या खिडकीला लागून असल्यानं इच्छा असो नसो, मलाही तो कोर्स फुकटात होत होता. एकदा ते पोरांना म्हणाले, "आता जे सांगतो ते पुस्तकात न्हाय. अपघातात माणूस मेला, तर त्याच्या घरी जाऊन कसं सांगायचं? आपल्याकडं काय करत्यात? मेलेल्या माणसाला सिरियस करत्यात. 'सिरियस हाय, लवकर चला.' म्या सांगतो, हे पाप हाय."

माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला.

माझा मुलगा माज दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. त्याचे अब्बा ट्रकवर होते. एका सकाळी माझा दीर आसिफ दारात आला आणि म्हणाला, "भाभी, भाईजानच्या पायाला लागलंय. सोलापूरला नेलंय. जरा सिरियस हाय." मी लगेच मऊ खिचडी टाकली. खिचडी शिजेपर्यंत आसिफ बाहेर उभा होता. मी डबा भरला, त्यांचा धुतलेला सदरा घेतला, मोबाइलचा चार्जर घेतला. जीपमध्ये सगळे माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. नळदुर्गला मी गाडी थांबवून मोसंबी घेतली, तेव्हाही कुणी तोंड उघडलं नाही. दवाखान्यात पोचलो तर एका पोऱ्यानं कागद पुढे केला आणि विचारलं, "बॉडी कोण ताब्यात घेणार?" मला असं कळलं. मी रडले नाही. मी तो डबा आसिफच्या अंगावर फेकला. सगळी जीप जाणत होती, एक मीच येडी बनून मोसंबी निवडत होते. तो राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून परीक्षेच्या वेळी नानासाहेब ऑफिसात विचारायला आले, "घरची बाई म्हणून बसायला कुणीतरी पायजे, पोरं एकेक करून येऊन सांगतील," तेव्हा मीच उठले. त्यांना माझी हकिगत ठाऊक होती. हळूच म्हणाले, "शाहिस्ताबाई, झेपंल का तुमाला?"

"मी काय काचेची न्हाय, सर."

खरं सांगायचं तर मला एकदा ऐकायचं होतं. ते कसं सांगायला हवं होतं, ते फक्त एकदा.

वर्गात खडूनं उंबरा आखला होता. परीक्षेपुरती मी नागूबाई, माझा नवरा महालिंगप्पा, ट्रक ड्रायव्हर, जळकोटजवळ अपघातात जागीच ठार. पोरांना चिठ्ठीत एवढंच दिलेलं. दहा मार्क माझ्या हातात.

पहिला आला प्रसेनजित. धावण्यात पहिला, छाती ही एवढी. उंबऱ्यावर थांबला आणि घाम पुसायला लागला. "बाई, तुमच्या मालकांना लागलंय. सिरियस हाय. चला लवकर."

मी विचारलं, "डबा घेऊ का बरोबर?"

"घ्या की."

मी त्याला भोपळा दिला. त्याच्यामागून आलेल्या एकानं अख्खी चिठ्ठी वाचून दाखवली, एकानं बातमी सांगून जी पाठ फिरवली ती थेट कॅन्टीनमध्ये. एक पोरगी सांगायच्या आधीच रडायला लागली, तिला मलाच पाणी द्यावं लागलं. त्यांना हसू नका. पोरं चांगली होती. मोठ्यांना जे जमत नाही ते त्यांच्याकडून मागितलं होतं. पण माझा धीर सुटत चालला होता. हे कुणालाच जमत नसतं, आसिफला तरी काय बोल लावायचा, असं वाटायला लागलं.

शेवटी श्रावस्ती आली. सास्तूरहून एसटीनं यायची. बसच्या पासवर सही-शिक्क्यासाठी दर महिन्याला आमची जुंपायची, ती एक शब्द खाली पडू द्यायची नाही. मी मनात म्हटलं, बघू आता भवानीचं तोंड किती चालतं ते.

तिनं उघड्याच दारावर टकटक केलं. "आत येऊ का? नागूबाई तुमीच का?"

"व्हय."

"घरात आणखी कोण हाय तुमच्याजवळ?"

"कुणी न्हाय."

"मग जरा बसा. मीबी बसते." ती समोर नाही, माझ्या शेजारी येऊन बसली. नजर माझ्यावरून हलली नाही. "वाईट बातमी हाय, मावशी. जळकोटजवळ ट्रकचा अपघात झाला. तुमचे मालक महालिंगप्पा त्यात वारले."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही. नशिबाचं नाही, देवाचं नाही. मला विचारायचे प्रश्न नानासाहेबांनी लिहून दिले होते, ते एकही आठवेना. माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं, "लई तरास झाला का गं त्यांना?"

तिला सोपं होतं 'न्हाय' म्हणणं. कुणीही म्हटलं असतं.

"मला ठाऊक न्हाय, मावशी. डॉक्टरांला इचारते आन जे खरं हाय तेच तुमाला येऊन सांगते."

ही पोरगी तेवीसचीही नसेल. मी तिच्याकडे बघतच राहिले. जीपभर माणसांत त्या दिवशी असं एक माणूस असतं तर!

"पुन्हा सांग," मी म्हटलं. "नागूबाई नको. शाहिस्ता म्हण. आन त्यांचं नाव..." मी थांबले. आमच्यात नवऱ्याचं नाव बाईमाणूस तोंडानं घेत नाही. लग्न झाल्यापासून मी ते कधी घेतलं नव्हतं. "त्यांचं नाव फकीर."

श्रावस्तीचा चेहरा उतरला. ती समजली. तिनं नानासाहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"शाहिस्ताबाई, तुमचे मालक फकीर अपघातात वारले."

माझा हुंदका फुटला. दवाखान्यात नाही, कबरस्तानातून माणसं परतली तेव्हा नाही, इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकात नाही, तो आत्ता फुटला, खडूच्या उंबऱ्याआड, सगळ्या कॉलेजच्या देखत. नानासाहेबांनी दारातल्या पोरांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. वेळ संपल्याची घंटा झाली. श्रावस्ती उठली नाही. हात धरून तशीच बसून राहिली, आणि 'रडू नका' असं एकदाही म्हणाली नाही.