मोजणीचा दगड

उत्तराबाईंचा चातुर्मास गल्लीला पाठ होता. पहाटे उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत त्यांचं मौन असे. दूधवाला, भाजीवाली, गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातले मार्तंडराव वकील, सगळ्यांची कामं तेवढा वेळ खुणेने चालत. एरवीही त्यांचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. म्हणून यजमान विद्याधरपंत थट्टेने म्हणत, "अगं, मौन सुटल्याचं मला नैवेद्याच्या घंटेवरूनच कळतं. नाहीतर कळायची सोय नाही."

तर अशा या बाईंनी त्या वर्षी श्रावणात एका दगडाला हात जोडले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

पार्ल्याच्या पूर्वेला त्यांची गल्ली जिथे संपते, तिथे एका बाजूला मार्तंडरावांचा बंगला आणि समोर गुणाजीची बैठी चाळ, कोकणातल्या बिऱ्हाडांनी भरलेली. मधून एक गाडीवाट, पावसाळ्यात घोट्याएवढ्या चिखलाची. त्या वाटेच्या मधोमध एक दगड उभा होता, गुडघ्याएवढा. एका सकाळी देवळात जाताना उत्तराबाईंना तो शेंदूर फासलेला दिसला. पुढ्यात नारळही होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, नमस्कार केला आणि तबकातलं एक जास्वंदीचं फूल वाहिलं. शेंदूर दिसला की हात जुळतात. त्यात विचार करायचा असतो, हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

पण उत्तराबाईंनी हात जोडले म्हणजे जागेत काही असणार, अशी गल्लीची खात्री. दुसऱ्या दिवशी आणखी दोघीजणी आल्या. गौरी-गणपतीपर्यंत दगडावर पत्र्याचं छप्परही आलं. ते मार्तंडरावांनी स्वखर्चाने घातलं, याचं साऱ्यांनी कौतुक केलं.

गौरी गेल्यानंतर एका दुपारी उत्तराबाई वकिलांच्या घरी डाळ निवडायला बसल्या होत्या. मार्तंडरावांची बायको जयंती आणि त्या, दोघी आत. बाहेर पडवीत गल्लीतले पुरुष. पलीकडे पूर्वेला मोठा हमरस्ता होतो आहे, स्टेशनापासून तिथवर नवा रस्ता या गल्लीतून न्यायचा, असा कचेरीचा नकाशा निघाला होता. हरकती मागवल्या होत्या.

"रस्ता हवाच," मार्तंडराव सांगत होते. "आपण काय जन्मभर चिखल तुडवायचा? प्रश्न एवढाच, की सरळ न्यायचा की वळवून."

"सरळ नेला तर तुमचं गॅरेज जातं, वकीलसाहेब," कुणीतरी खाकरून म्हणालं. हशा पिकला.

"गॅरेजचं काय घेऊन बसलात? मध्ये जागृत स्थान आहे. त्याच्यावरून मोटारी घालणार का?"

"पण वळवला तर चाळ जाते," हा विद्याधरपंतांचा आवाज.

"तशीही ही हद्द बंगल्यांची. नकाशात रंगच तसा दिलाय. चाळीतल्या लोकांना मानखुर्दला जागा देतील. मोकळी हवा आहे तिकडे."

"चाळीतला दत्ताराम परळच्या गिरणीत जातो हो. मानखुर्दहून पहिली पाळी कशी गाठेल?"

"हार्बरची गाडी आहे की. सवय होते माणसाला."

जयंतीने सुपावर वाकून हळूच विचारलं, "उत्तराताई, मग आपल्याकडे भांड्यांना कोण येणार? सुगंधा काय मानखुर्दहून येणार आहे?"

उत्तराबाईंचा हात डाळीत तसाच राहिला. पलीकडे माणसांची घरं उठवायची बोलणी चालली होती आणि अलीकडे काळजी भांड्यांची.

संध्याकाळी सुगंधा, म्हणजे दत्तारामची बायको, भांडी घासायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "सुगंधे, तो दगड तिथे केव्हापासून आहे गं?"

सुगंधाने राखेचा हात थांबवला. "खरा सांगू वयनी? दोन वर्सांमागे मोजणीवाले इलेले, तेंनी पुरलो तो. आमचो घोव त्येच्यावर बसान दाढी करी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फूल घातलास. मगे आमी काय बोलतलंव? देवाक नाय म्हणूक आमची जीभ वळात काय?"

  उत्तराबाईंना एकदम दिसलं, की शेंदूर कुणीही लावला असता तरी तो नुसता शेंदूरच राहिला असता. त्याला देव केलं ते त्यांच्या जास्वंदीने. लग्नानंतर आजवर केलेले सगळे नेम, सगळे उपास, त्यांची पुण्याई म्हणून गल्ली जिला नमस्कार करत होती ती चीज, एका माणसाने आपलं गॅरेज वाचवायला उचलून वापरली होती. आणि ती वापरली होती कुणावर, तर जिच्या हाताने त्यांची देवाची भांडी लखलखत होती तिच्यावर.

जेवताना त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, तो दगड मोजणीचा आहे."

"असेलही," विद्याधरपंत भात कालवत म्हणाले. "पण आता हरकतीचा अर्ज गेला. पूर्वापार पूजा करणाऱ्या म्हणून तुझंच नाव घातलंय पहिलं."

"पूर्वापार? श्रावणात उगवलेला देव?"

"वकिलांची भाषा असते ती."

"मला कुणी विचारलं होतं?"

"तू मौनात होतीस."

उत्तराबाईंनी भाताचं भांडं झाकलं. मग म्हणाल्या, "कचेरीचे साहेब जागा बघायला कधी येणार?"

"मंगळवारी सकाळी. दुपारी येत होते, पण मार्तंडरावांनी सकाळची वेळ मागून घेतली." एवढं बोलून विद्याधरपंत थबकले. सकाळच का, हे त्यांनाही बहुधा तेव्हाच कळलं. त्यांनी ताक मागितलं आणि खाली मान घालून प्यायले.

मंगळवारी उत्तराबाई नेहमीच्या वेळी तबक आणि तांब्या घेऊन निघाल्या. दगडाभोवती माणसं जमली होती. छत्री घेतलेले कचेरीचे साहेब, नकाशाची सुरळी धरलेला त्यांचा कारकून, मार्तंडराव, गल्लीतली मंडळी. पलीकडे चाळीची माणसं दारात उभी होती. पुढे यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"या बघा आल्याच," मार्तंडराव म्हणाले. "या आमच्या उत्तरावहिनी. चातुर्मासात सकाळचं मौन असतं त्यांचं, पण तुम्ही विचारा, मानेने सांगतील."

साहेबांनी छत्री मिटली. माणूस सभ्य होता. "बाई, हे स्थान जुनं आहे का?"

उत्तराबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणतात, नाही, रस्ता नको इथून," मार्तंडरावांनी लगेच अर्थ सांगितला.

त्यांनी पुन्हा मान हलवली, जोराने.

"म्हणतात, देवाला हलवायचं नाही. फार भाविक आहेत हो."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून लिहू लागला. विद्याधरपंत गर्दीत मागे उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही. उत्तराबाईंना राग आला तो मार्तंडरावांचा नव्हेच तेवढा. आपली मानसुद्धा आपली राहिली नाही, याचा आला.

त्यांनी तबक चिखलात ठेवलं. पत्र्याखाली वाकून तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं. शेंदूर तेलातला, तो पाण्याने कुठला निघायला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तोवर सुगंधा दारातून धावत आली आणि नारळाची शेंडी नि राखेची वाटी त्यांच्या हातात देऊन पुन्हा मागे सरली. उत्तराबाई दगड घासायला बसल्या.

"वहिनी, अहो हे काय," मार्तंडराव म्हणाले. "पाप लागेल."

त्या घासत राहिल्या. लाल राड लुगड्यावर उडाली. हळूहळू शेंदूर निघाला, खालचा काळा दगड दिसू लागला, आणि त्यावर छिन्नीने कोरलेला बाण. साहेब खाली वाकले.

"अरे, ही तर आपली खूण," ते कारकुनाला म्हणाले.

उत्तराबाई उभ्या राहिल्या. सोवळं बिघडलं होतं. नैवेद्याला अजून अवकाश होता.

"हा देव नाही," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. सगळे इतके गप्प होते की चाळीच्या शेवटच्या दारापर्यंत ते ऐकू गेलं. "तुमचा दगड आहे. मी फूल वाहिलं ती माझी चूक. पण माझी चूक या लोकांच्या घरांवरून फिरवू नका. भावजी, देव हवाच असेल तर तो तुमच्या गॅरेजात बसवा. मी रोज पूजेला येईन."

कुणीतरी हसलं. मार्तंडराव म्हणाले, "बाईमाणसाला यातलं काय कळतं, साहेब." पण साहेबांनी कारकुनाच्या हातातला कागद घेतला आणि त्यावर रेघ मारली. "निकाल कचेरीतून कळवू," एवढंच ते म्हणाले.

घरी विद्याधरपंतांनी विचारलं, "आता व्रताचं काय?"

"मोडलं. उद्यापासून पुन्हा धरीन." मग त्या म्हणाल्या, "आणि तुमचं? तुमचं तर मौन नव्हतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी दगड पुन्हा शेंदराने माखलेला होता. उत्तराबाईंनी राख आणि शेंडी घरूनच आणली होती. घासला. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेंदूर, पुन्हा राख. मग तो त्यांचा नेमच झाला. आधी तुळशीला पाणी, मग दगडाला राख, मग देऊळ. काही बायकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. जयंतीने त्यांना पाहून खिडकी लावून घेतली. कधी घासताना सुगंधा शेजारी येऊन पाणी ओतत राही. आणि एक दिवस बादली घेऊन विद्याधरपंत आले, धोतर वर खोचून. काही बोलले नाहीत. त्याही मौनात होत्या.

कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, मोजणीची माणसं आली. फीत दगडावर धरली ती सरळ पुढे गेली. चुन्याची पांढरी रेघ गॅरेजच्या दारातून आत शिरली आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडली. चाळ आपल्या जागी राहिली. दत्ताराम त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता. दारात बसून तो रेघ बघत राहिला.

त्याच सकाळी उत्तराबाई तबक घेऊन देवळाला निघाल्या. दगडावर आज शेंदूर नव्हता. मार्तंडराव फाटकात उभे होते.

"काय वहिनी," ते म्हणाले, "आज दगडाला आंघोळ नाही वाटतं?"

उत्तराबाईंनी नाही म्हणून मान हलवली. या वेळी तिचा अर्थ सांगायला कुणी पुढे झालं नाही.