बहिःस्थ

"सही कर की गं. रजिस्टर हाय, नुसतं टाकून जाता येत न्हाई मला."

पोस्टमन तात्याबांनी पुस्तक पुढे धरले. शालूने सही केली. स्वतःचेच नाव तिला वेडेवाकडे दिसले. लिफाफा खाकी होता आणि कोपऱ्यात शिष्यवृत्ती कार्यालयाचा शिक्का होता.

"काय आलंय?" आतून आईने, बनुबाईने विचारले.

"कॉलेजची पावती."

लिफाफा पदराखाली धरून ती गोठ्यात गेली आणि म्हशीमागच्या वैरणीत खुपसून आली. दोन दिवस तिने तो उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती. आत काय असणार हे तिला महिन्यापासून ठाऊक होते.

मेढ्यापासून कोसभर आत असलेल्या या गावातून साताऱ्याच्या कॉलेजात जाणारी शालू सपकाळ पहिलीच मुलगी. वडील नव्हते. थोरला भाऊ ज्ञानू फौजेत, आसामच्या बाजूला. कॉलेजचा खर्च सरकारी कर्जशिष्यवृत्तीवर चालला होता. शिकून नोकरी लागली की फेडायची. पहिले वर्ष चांगले गेले. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात बनुबाई गवताच्या गंजीवरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. ज्ञानूला रजा मिळाली नाही. म्हैस, खाचरातला भात, आईचे सगळे अंथरुणात. आठवड्याचे सहा दिवस साताऱ्याला जाणे सुटले. शालू सोमवारी आणि गुरुवारी तेवढी जायची. हजेरी भरेना, तेव्हा एका प्राध्यापकांनी सुचवले, "बहिःस्थ म्हणून फॉर्म भर. घरी अभ्यास कर, परीक्षेला बस. वर्ष तरी वाचेल."

तिने दिवाळीनंतर फॉर्म भरला. कर्ज फक्त नियमित विद्यार्थ्यालाच मिळते, हे तिला कुणी सांगितले नाही. डिसेंबरात दुसरा हप्ता आला, तो तिने घेतला आणि आईच्या प्लास्टरला घातला. मग एका गुरुवारी कॉलेजच्या फलकावर तो नियम तिने स्वतः वाचला. तिथून एसटी स्टँडपर्यंत ती कशी चालत आली ते तिला नंतर आठवेना.

तेव्हापासून रस्त्यावर जीप वाजली तरी ती गोठ्यात शिरायची. आणीबाणीचे दिवस होते. अमक्याला नेले, तमक्याला नेले, एवढेच कानावर यायचे. कशासाठी ते कुणी सांगत नसे. आपण सरकारला फसवले, हे तिच्या मनाने घेतले होते.

तिसऱ्या दिवशी धार काढता काढता तिने लिफाफा फोडला. 'आपण नियमित विद्यार्थिनी नसताना कर्जाचा हप्ता उचलल्याचे निदर्शनास आले आहे. दहा दिवसांत खुलासा करावा. अन्यथा संपूर्ण रक्कम आपणाकडून अथवा जामीनदाराकडून एकरकमी वसूल करण्यात येईल.'

जामीनदार! तिच्या हातातून चरवी निसटली. दूध शेणात गेले.

जामीनदार होते नानासो गुरुजी. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शनीवर जगणारे. चुलत्यांनी हात वर केले तेव्हा त्यांनी रस्त्यातच सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली होती आणि म्हणाले होते, "आमच्या घरात बोलू नकोस एवढं."

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला गेली. कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मोहिते भाऊसाहेब बसायचे. पन्नाशीचे, दम्याचे, मनाने बरे. त्यांनी पत्र वाचले, दार लोटून घेतले.

"एवढं घाबरतेस कशाला? वर नुसती नावांची यादी गेलीय, ती चुकली म्हणू. तुझा बहिःस्थचा फॉर्म अजून कपाटातच आहे. तो मी फाडतो. हजेरीपटावर तुझे दिवस भरतो. पूर्णवेळ शिकत असल्याचा दाखला देतो. मिटलं!"

"पण मी येत नव्हते."

"ते तुला माहीत, मला माहीत." त्यांनी छापील कागद पुढे सरकवला. "इथं तू सही कर. खाली जामीनदाराची पुन्हा सही लागेल. परवापर्यंत आण."

शालूने पेन घेतले. 'मी प्रतिज्ञेवर लिहून देते की' एवढ्या ओळीपर्यंत तिची नजर गेली आणि तिथेच अडकली. सही केली तर सुटका. पण कधी तपासणी झाली तर? मोहित्यांची नोकरी जाईल, आणि तिच्या खोट्याखाली गुरुजींचे नाव असेल. तिने पेन खाली ठेवले.

"भाऊसाहेब, गुरुजींना इचारल्याबिगर न्हाई जमायचं मला."

"विचार. पण म्हातारा भ्यायला तर नंतर मला बोल लावू नकोस."

दुपारच्या गाडीने ती परतली ती थेट गुरुजींकडे. गुरुजी अंगणात घेवडा सोलत बसले होते. त्यांची बायको चंद्राबाई चुलीशी होती.

"ये पोरी. आईचं कसं हाय?"

"बरं हाय." तिने काकूंकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, माझ्यामुळं तुमी लय मोठ्या संकटात आलाय."

एवढे बोलून तिला रडू फुटले. जे होते ते तिने सगळे सांगितले. हप्ता, फॉर्म, मोहित्यांचा दाखला. गुरुजींच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. मग ते उठले, ओसरीवरच्या जुन्या पंचांगातून त्यांनी एक खाकी लिफाफा काढला.

"मलाबी आलाय. आज चौथा दिवस." त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "तुझ्याकडं यावं म्हणून दोनदा तुमच्या आळीपर्यंत आलो. पाय उचलंना. पेन्शन थांबली तर, म्हणून जेवान जाईना मला."

सगळी शाळा ज्यांच्या छडीला भ्यायची ते गुरुजी तिच्यासारखेच भ्याले होते.

"त्यात काय लपवायचं?" चुलीपासून चंद्राबाई म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, पण खाकी कागद कळतो. चार दिस ह्यांच्या ताटातली भाकरी मी कुत्र्याला घालतीया. खोटं लिवून आणखी किती दिस उपाशी ऱ्हाणार हायसा दोघं?"

गुरुजींनी दौत आणि टाक आणला. शालूला वाटले, तेच लिहितील.

"तूच लिही. चुकलीस तर मी दुरुस्त करीन."

तिने लिहिले. आईचे हाड मोडले, म्हणून बहिःस्थ झाले. नियम ठाऊक नव्हता. हप्ता घेतला तो खर्च झाला. गुरुजींनी 'कुटुंब' मधला टु ऱ्हस्व केला, बाकी काही बदलले नाही. खाली जामीनदार म्हणून सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले.

मोहित्यांनी तो खुलासा वाचून डोके हलवले. "वेडी आहेस," म्हणाले, आणि शिक्का मारून रवाना केला.

मग महिनाभर तात्याबांच्या सायकलची घंटी वाजली की शालू परसात जायची. उत्तर शिमग्याच्या आदल्या दिवशी आले. कारवाई होणार नव्हती. डिसेंबरचा हप्ता तीन महिन्यांत परत करायचा, आधीची रक्कम नोकरी लागल्यावर. जामीनदार तूर्त मोकळा. कर्जशिष्यवृत्ती मात्र बंद. पुढे नियमित प्रवेश घेतला तरी पुन्हा सुरू होणार नाही.

ती धावत गुरुजींकडे गेली. त्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि चंद्राबाईला म्हणाले, "भूक लागलीया."

हप्ता फेडायला म्हशीची रेडी विकावी लागली. जूनमध्ये बनुबाई काठी घेऊन चालू लागली, पण कॉलेजची फी आणि रोजची गाडी परवडण्यासारखी नव्हती. शालू बहिःस्थच राहिली. मेढ्याला बालवाडीत काम धरले, दुपारी पुस्तके वाचली. एक वर्ष नापास झाली, पुन्हा बसली.

एकोणऐंशीच्या एप्रिलात बी. ए.चा शेवटचा पेपर सुटला, तेव्हा कॉलेजच्या पायऱ्यांवर फोटोग्राफर कॅमेऱ्याचे तिकाटणे लावून उभा होता. शेवटच्या वर्षाच्या मुली दोन रांगांत बसत होत्या, एकमेकींच्या वेण्या पुढे घेत होत्या. शालू बाजूने निघाली होती. एका मुलीने हाक मारली, "अहो, तुम्ही पण येताय का?"

"न्हाई, मी बाहेरची."

"मग जरा एवढं धराल? फोटोत वाईट दिसतं."

शालूने हात पुढे केले. पाच पर्स, दोन छत्र्या, एक डबा. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला आणि आतून ओरडला, "कुणीही हलू नका!"

त्याच्या मागे उन्हात, सगळ्यांचे सामान छातीशी धरून, शालूही हलली नाही.