कोरडा हातमोजा

मित्रांनो, खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकलेला, तळव्याला भेगा पडलेला जो जुना हातमोजा दिसतो ना, तो मी. मी उजवा. डावा माझ्या पाठीमागे आहे, पण तो पहिल्यापासूनच अबोल.

कारखान्यात माझ्या तळव्यावर मऊ रबर चिकटवले गेले. ते ओले असले की चेंडू घट्ट धरते आणि सुकले की चेंडू निसटतो. एवढीच माझी अक्कल.

माझा मालक पेशाने सुतार आणि फुटबॉल संघाचा गोलरक्षक. संघ असा तगडा, की समोरच्यांची भंबेरी उडायची. पण आदल्या वर्षी अंतिम सामना एका गोलने हरला आणि सगळे खापर सुताराच्या माथी फुटले. यंदा सारे ईर्ष्येला पेटले होते. नऊ सामन्यांत एकतीस गोल केले, आमच्यावर एकही नाही. चेंडू आमच्याकडे फिरकतच नसे. साथीदार सुताराला ‘पाहुणा’ म्हणत. तो हसायचा, पण माझा पट्टा पुन्हा पुन्हा आवळायचा. आपल्याही हातून काही घडावे, मागचा डाग पुसला जावा, एवढेच त्याला हवे होते.

त्याची थोरली बहीण मला हाताने धुवायची, सावलीत वाळवायची आणि सामन्याला निघताना पाण्याची बाटली भरून द्यायची. ती बाटली गोलखांबापाशी असे. सुतार थोड्या थोड्या वेळाने मला भिजवायचा.

अंतिम सामना पुन्हा त्याच संघाशी होता. ऊन रणरणत होते. आमच्यांनी त्यांना श्वास घेऊ दिला नाही, तरी गोल काही होईना. उत्तरार्धात कोणाला तरी लागले म्हणून खेळ थांबला. आमचा कप्तान, एरवी बस चालवणारा, धापा टाकत आला आणि त्याने आमची बाटली उचलली. मागोमाग आणखी दोघे आले.

“अरे, हातमोज्यांना ठेवा थोडं,” सुतार म्हणाला.

“पाहुणे, तुम्ही तर नुसते उभे आहात! इथं पळून पळून आमचा जीव चाललाय,” असे म्हणत कप्तानाने शेवटचा घोटही संपवला.

मी सुकत गेलो. अगदी शेवटी त्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन निसटला. सुताराने घाईघाईने मला जिभेवर फिरवले, पण तिलाही कोरड पडली होती. फटका साधाच होता. सरळ हातात आला. मी तो धरला, मित्रांनो, खरेच धरला होता. तरी तो माझ्या तळव्यावरून घसरून आत गेला.

“अख्ख्या मोसमात एक चेंडू आला, तोही सोडलास!” कप्तान म्हणाला. सुताराने रिकामी बाटली उचलली आणि तो घरी निघाला.

घरी बहिणीने रिकामी बाटली हलवून पाहिली, मग माझा कोरडा तळवा चाचपला.

“पाणी कुठं गेलं रे?”

“मीच प्यायलो, ताई. तहान लागली होती.”

ती त्याच्या सुकून फुटलेल्या ओठांकडे नुसती पाहत राहिली.

त्याने मला या खिळ्याला अडकवले. पुन्हा तो मैदानावर गेला नाही. इथे दुपारभर ऊन येते. ताई अधूनमधून ओल्या बोटांनी माझा तळवा पुसते, पण आता रबर पाणी धरत नाही.

मित्रांनो, एखादा नुसता उभा दिसला, तरी त्याच्या वाटचे पाणी त्याला राहू द्या. त्या दिवशी हे सांगायला मला तोंड नव्हते, आणि ज्याला होते तो एकदाच बोलला, पुन्हा बोलला नाही.