सात चाळीसचा होकार

माझ्या पाठीवर एक पिवळी चिठ्ठी डकवली आहे. ‘सदोष. वापरू नये.’ मित्रांनो, ज्याच्या पाठीला अशी चिठ्ठी लागते त्याचे कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका. मी एका रुग्णालयातला जुना टॅबलेट आहे. नोंदणी विभागातल्या लोखंडी कपाटात, तुटक्या स्टेपलरच्या शेजारी माझा मुक्काम आहे. माझ्यात दोष नव्हता. मला जे सांगितले गेले तेच मी लक्षात ठेवले. भीती वाटावी अशी गोष्ट नेमकी तीच आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण ते मला आठवत नाही. मला शहाणपण आले ते ताईंच्या टेबलावर. ताई नोंदणी विभागात काम करत. एका सॉफ्टवेअरवर संमतीचे फॉर्म तयार करणे आणि ते जपून ठेवणे, हे त्यांचे काम. संमती म्हणजे काय, माहीत आहे ना? तुमच्या शरीराला कोणी सुरी लावण्याआधी तुम्हाला विचारावे लागते. काय करणार, कशासाठी, त्यात धोका कोणता, हे सगळे सांगावे लागते. मग तुम्ही ‘होय’ म्हणालात तर ते लिहून ठेवावे लागते.

माझ्याआधी हे सारे कागदावर चाले. कागद हरवत, ओले होत, डॉक्टरांचे अक्षर त्यांचे त्यांनाही लागत नसे. ताईंनी सहा महिने खपून ते सगळे माझ्यात आणले. प्रत्येक प्रश्नापुढे एक रिकामा चौकोन ठेवला. रुग्णाने स्वतः सगळे चौकोन भरल्याशिवाय सहीची जागा उघडतच नसे. एक बटण होते, ‘वाचून दाखवा’. ते दाबले की मी अख्खा फॉर्म सावकाश, स्पष्ट आवाजात वाचत असे. शेवटी एक मोठी मोकळी जागा होती. ‘तुमची काही अट किंवा शंका असेल तर इथे लिहा.’

फॉर्म तयार झाला की ताई मला घरी नेत आणि आपल्या वडिलांसमोर ठेवत.

“बाबा, कळतंय का बघा.”

“हे ‘अंशतः’ म्हणजे काय गं?”

ताई तो शब्द खोडून ‘थोडेसे’ असे लिहीत. वडिलांना कळेपर्यंत त्यांचे समाधान होत नसे.

ते माझे सुखाचे दिवस होते. लोक माझ्याकडे वाकून बघत, प्रश्न विचारत, कधी ‘नाही’ही म्हणत. एका आजीबाईंनी तर माझ्याकडून फॉर्म तीनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, “हे यंत्र माझ्या सुनेपेक्षा नीट बोलतं हो.” सून शेजारीच उभी होती. तीही हसली.

पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. रुग्णालयाचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, एके दिवशी ताईंच्या टेबलाशी आले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्या आठवड्यात तीन शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या होत्या आणि नातेवाइकांनी त्यांना चांगलेच धारेवर धरले होते.

“ताई, एका फॉर्मला अकरा मिनिटं? रांग दारापर्यंत जातेय.”

“वाचायला तेवढा वेळ लागतोच, साहेब.”

“मग असं करा. सगळे चौकोन आधीच ‘होय’ करून ठेवा. ज्याला नको असेल तो काढेल. फॉर्मही वेगवेगळे नकोत, सॉफ्टवेअर कंपनीकडून तो तयार नमुना आलाय तोच सगळ्यांना लावा. आणि ते वाचून दाखवणं बंद करा, वॉर्डात गलका होतो.”

“न वाचता कोण काय काढणार?”

“लोक तसंही वाचत नाहीत हो.”

ताईंनी मला पुढ्यात ओढले. दुपारच्या आत त्यांनी सांगितले तसे केले. चौकोनांत खुणा बसल्या. माझा आवाज बंद झाला. ती मोठी मोकळी जागा एका बारीक बाणामागे गेली. तो बाण दिसायलाही चांगली नजर हवी. त्या दिवशी ताईंनी मला घरी नेले नाही.

अकरा मिनिटांचे काम पन्नास सेकंदांवर आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू! पण मनात शंकेची पाल चुकचुकत होती. मला एक खोड आहे, मित्रांनो. जे जे घडते ते मी वेळेसकट टिपून ठेवतो. वॉर्डातल्या सिस्टर सकाळी ड्यूटीवर आल्या की दिवसभराचे सगळे फॉर्म एकदमच उघडून ठेवत. नंतर घाई नको, एवढाच त्यांचा विचार. त्यामुळे जी माणसे अजून आपापल्या घरी केस विंचरत असत, त्यांचा होकार माझ्याकडे आधीच नोंदलेला असे. तीन महिने हे असेच चालले. कुणाचे काही बिघडले नाही. निदान तसे वाटले.

मग काका आले.

काका अंध होते. त्यांच्याबरोबर आलेल्या काकूही अंध होत्या. काका ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रिते तपासत. उठावाच्या ठिपक्यांवरून उजव्या हाताची तर्जनी फिरवायची आणि एक ठिपका जरी चुकला असला तरी पकडायचा, हे त्यांचे चाळीस वर्षांचे काम. छपाईच्या पत्र्याची बारीक कपची त्याच बोटात घुसली होती. बोट सुजून टम्म झाले होते आणि आत पू झाला होता. पू काढून जखम साफ करायची होती.

सिस्टरनी मला त्यांच्या मांडीवर ठेवले. काकांनी डावा हात माझ्या काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला.

“गुळगुळीत आहे की सगळं! यात वाचायचं काय?”

“काका, इथे फक्त सही करायची.”

काकू म्हणाल्या, “आधी वाचून दाखवता का?”

मी वाचून दाखवू शकत होतो. पण माझा आवाज बंद केलेला होता.

“नेहमीचंच आहे, काकू. ऑपरेशनला हरकत नाही, असं लिहिलंय.”

काका हसले. “लोक म्हणतात, डोळे झाकून सही केली. आमचा तर तो रोजचाच व्यवहार. पण सिस्टर, एक लिहून घ्या. बोट साफ करा, हवं तेवढं चिरा, पण त्यातलं काही कापून काढायचं असेल तर आधी मला विचारायचं. या बोटानं मी वाचतो.”

“हो हो, सांगते मी डॉक्टरांना.”

पलीकडच्या खाटेवरून हाक आली. सिस्टरनी काकांचे डावे बोट धरून माझ्यावर सही गिरवून घेतली आणि त्या धावल्या. बारीक बाण कोणी दाबला नाही. काकांचे वाक्य मी ऐकले, पण ऐकलेले लिहून घ्यायला मला कोणी शिकवले नव्हते. सिस्टर खरेच सांगणार होत्या. त्या दिवशी त्या बत्तीस रुग्णांना एकट्या बघत होत्या.

मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकांबरोबर थिएटरमध्ये नेले. काकांना भूल दिली गेली. डॉक्टरांनी जखम उघडली, बराच वेळ पाहिले आणि हात थांबवला.

“टोकाचं हाड खराब झालेलं दिसतंय. वरचं पेर काढलं तर प्रश्न मिटेल. औषधांवरही वाचेल कदाचित, पण खात्री नाही. बघा, परवानगी आहे का? नसेल तर बंद करतो, शुद्धीवर आले की विचारू.”

नर्सने पिशवीवरूनच माझ्यावर बोट सरकवले.

त्या क्षणी माझी बॅटरी संपली असती तर! पण सकाळीच मला पूर्ण चार्ज केले होते. मी लख्ख उजळलो.

“आहे, सर. ‘होय’ केलंय.”

“ठीक आहे.”

दुपारी काकांची भूल उतरली. काकू उशाशी होत्या. काकांनी डाव्या हाताने उजव्या हाताची पट्टी चाचपली. करंगळी, अनामिका, मधले बोट. मग त्यांचा हात थांबला. पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.

“सिस्टर, हे आखूड का लागतंय?”

सिस्टरनी घडले ते सांगितले. काकांनी आरडाओरडा केला नाही. ते फक्त म्हणाले, “मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

काकूंनी ते बोट आपल्या मुठीत धरले आणि तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या कुणाचे एक पेर गेले असते तर तो शर्टाची बटणे लावायला शिकला असता आणि विसरला असता. पण काका त्या पेराने बघत होते.

पाच दिवसांनी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. टेबलाच्या मधोमध मी होतो. साहेबांनी घसा साफ केला.

“आम्हाला फार वाईट वाटतं. चौकशी केली. या यंत्रात बिघाड होता. त्यानं आपणहून ‘होय’ची खूण केली.”

मी! आयुष्यात एकही खूण मी आपणहून केली नव्हती.

काकू म्हणाल्या, “तो फॉर्म आम्हाला ऐकायचाय. सगळा. आजवर आम्हाला कुणी तो वाचून दाखवलेला नाही.”

“काकू, आता त्याचा काय उपयोग?”

“माझ्या माणसानं कशाला होय म्हटलं, ते मला कळू दे.”

मग ताई उठल्या. त्यांनी माझा आवाज सुरू केला. तीन महिन्यांनी मी बोललो, मित्रांनो. एकेक कलम वाचत गेलो. सहाव्या मिनिटाला ते वाक्य आले. ‘शस्त्रक्रियेदरम्यान गरज वाटल्यास बाधित अवयव अंशतः किंवा पूर्णतः काढून टाकण्यास माझी संमती आहे. होय.’ मला थांबता येत नव्हते. पुढची पाच मिनिटे मी वाचतच राहिलो आणि काकांची मान खाली जात राहिली.

“हे ‘होय’ कधीचं आहे?” काकांनी विचारले.

ताईंनी नोंद उघडली. “सात चाळीसचं.”

“आम्ही रुग्णालयात पाय ठेवला तेव्हा आठ वाजून गेले होते.”

साहेब घाईने म्हणाले, “बघा, मी म्हटलं ना! यंत्राचं घड्याळच चुकलंय.”

“घड्याळ बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. “ती खूण मी ठेवली, काका. सगळ्याच फॉर्मांवर. मला सांगितलं होतं हे खरं, पण हात माझाच होता. सिस्टरनी फॉर्म उघडला तेव्हा ती खूण त्यात आधीपासून होती.”

काकांनी तोंड त्यांच्या दिशेने वळवले. “हे तुम्ही मला ठिपक्यांत लिहून द्या. मला आता वाचता येणार नाही. पण हिला येईल.”

ताईंनी तसे दिले. मात्र अहवालात ‘यंत्रातील दोष’ असेच लिहिले गेले. त्याखाली चौघांनी सह्या केल्या, ताईंनी केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. माझ्या पाठीवर चिठ्ठी डकवली गेली आणि सिस्टरची बदली कपडे धुण्याच्या विभागात झाली. फॉर्ममधल्या खुणा मात्र काढल्या. चौकोन पुन्हा रिकामे झाले आणि रांग पुन्हा दारापर्यंत गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी गप्प बसलो असतो. पण चिठ्ठी लागण्याआधी ताईंनी एक दिवस मला पुढ्यात घेतले आणि जुन्या नोंदी काढल्या. त्या तीन महिन्यांत अशा ‘होय’वर तीनशे बारा माणसांनी सह्या केल्या होत्या. ताईंनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

“तुम्ही अवयव काढायला संमती दिली होती, हे तुम्हाला माहीत होतं का?”

“आम्ही? छे हो! आम्ही कधी असं म्हटलं?”

“नाही बुवा. सही केली तेवढी.”

“काय काढलं? अहो बाई, नीट सांगा, काय काढलं?”

बहुतेकांचे काहीच काढलेले नव्हते. ताई त्यांना तसे सांगत, पण पलीकडचा श्वास लवकर खाली बसत नसे. शंभर झाले, दीडशे झाले. काही जण रागावले, एक बाई रडल्या. एकशे सत्तावन्नाव्या नंबरावर घंटा वाजत राहिली. ताईंनी संध्याकाळी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशीही लावला. त्या नोंदीत काय काढले ते लिहिलेले आहे. मला ते माहीत आहे, ताईंनाही माहीत आहे. ज्याचे काढले त्याला ते माहीत आहे की नाही, हे मात्र आम्हा दोघांनाही कळलेले नाही. चौथ्या दिवशी मला कपाटात ठेवले. ताई तो नंबर अजून लावत असतील.

मित्रांनो, माझी बॅटरी आता चार टक्के उरली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तो तयार नमुना एकाच रुग्णालयात आला नव्हता. माझ्यासारखे टॅबलेट पुष्कळ आहेत आणि आज सकाळीही कोणीतरी त्यांना वेळेवर चार्जिंगला लावले असेल. तुमच्या आजोबांपुढे, आईपुढे किंवा तुमच्यापुढे कोणी अशी काच धरली आणि ‘फक्त सही करा’ म्हटले, तर हात मागे घ्या. ‘वाचून दाखवा’ म्हणा. कितीही मिनिटे लागोत, मागची माणसे कितीही चुळबुळ करोत. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी ताईंसारखे फॉर्म करायला बसलात, तर तो लहानसा चौकोन रिकामाच ठेवा. तुमच्याकडे कोण येणार आहे आणि तो कोणत्या बोटाने वाचतो, हे तुम्हाला कधीच आधी माहीत नसते.