गोडं पाणी

गुणाबाईच्या जिभेची परीक्षा होती आणि तिच्यापेक्षा महानंदाच जास्त घाबरली होती. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत महानंदाची मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली तिथं जेवतात. या मुलींना शरीरातली सगळी हाडं पाठ असतात, पण भाजीत मीठ जास्त झालं की ताट सारून त्या सरळ घरी फोन लावतात.

भूकंपात घर पडल्यावर गुणाबाई छावणीच्या चुलीवर भाजी करायला लागली, ती पुढं मेसमध्ये आली तरी चुलीसमोरून हलली नव्हती. उन्हाळ्यात मेसच्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि डोकं आपटलं. टाके निघाले, जखम भरली, पण चव गेली ती गेलीच. अंदाजानं मीठ घालायला गेली आणि भाजी दोनदा खारट झाली. मग महानंदानं तिला चपात्यांवर बसवलं आणि भाजी तिच्या हाताखालच्या सिंधूकडं दिली. सिंधूची भाजी मुली मागून मागून खात. गुणाबाईला ते फार लागलं होतं. चव आली की चूल परत तुमची, असा महानंदानं शब्द दिला होता.

कान-नाक-घशाचे डॉक्टर अकरम मूळचे नांदेडचे. बोलणं मोजकं, चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. त्यांनी ट्रेमध्ये छोट्या बाटल्या मांडल्या. बाटल्यांवर नुसते आकडे होते.

"मावशी, जिभेवर थेंब टाकतो. गोड, खारट, आंबट, कडू, जे लागेल ते सांगा. दरवेळी चूळ भरायची."

इतर पेशंटपुढं ते चवींची नावं लिहिलेला कागद ठेवत आणि त्यावर बोट ठेवायला सांगत. गुणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं तोंडीच चाललं.

पहिला थेंब पडला. गुणाबाईनं डोळे मिटून जीभ टाळूला लावली.

"गोड."

थेंब साखरेचा होता, तोही अगदी पातळ. डॉक्टरांनी मान हलवली.

"बरोबर. साखर कळली तुम्हाला."

दारात उभी असलेली महानंदा एवढंच ऐकून बाहेर पळाली. गुणाबाईला हसू आलं. डॉक्टर साखर म्हणतात म्हणजे साखरच असणार. आता तर ती जिभेवर रेंगाळत असल्यासारखीही वाटायला लागली.

तिनं चूळ भरली. दुसरा थेंब पडला.

"हे पण गोड."

डॉक्टरांनी बाटलीवरचा आकडा पुन्हा पाहिला. मिठाची बाटली होती, आणि द्रावण चांगलं कडक होतं.

"मावशी, गोड म्हणजे कसं?"

"गोडं पाणी, डॉक्टरसाब. मेसच्या बोरचं खारं हाय, धुण्याभांड्याला चालतंय. हे प्यायचं. नळाचं हाय का?"

अकरमांनी मिठाची बाटली ट्रेमध्ये ठेवली. त्यांची आईसुद्धा पिण्याच्या पाण्याला गोडं पाणीच म्हणायची. पण मघाशी हातात साखरेची बाटली होती, आणि गोड म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला.

"हे मिठाचं पाणी होतं, मावशी."

"आन् पहिलं?"

"साखरेचं. ते कसं लागलं होतं?"

"असंच."

गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"साखरंवरच थांबायचं होतं, डॉक्टरसाब."

त्यांनी आंबट आणि कडूही करून पाहिलं. तिच्या जिभेला तेही गोडं पाणीच होतं.

"काही महिन्यांनी परत बघू," अकरम म्हणाले. "कधी कधी चव परत येते."

"आन् न्हाई आली तर?"

"ते मला सांगता येणार नाही, मावशी."

बाहेर महानंदा पेढ्यांचा बॉक्स उघडून उभी होती.

"सिंधूला फोन करून टाकला, मावशी. उद्यापासनं भाजी तुमचीच. आधी तोंड गोड करा."

गुणाबाईनं अख्खा पेढा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. महानंदा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"कसा हाय?"

"मऊ हाय."

महानंदानं बॉक्सचं झाकण लावलं आणि सिंधूला परत फोन लावला.