धुक्यातलं मत

धुकं समुद्रावरून येत नाही, ते इथेच असतं, आपल्याला उशिरा दिसतं, असं ओबेदकाका म्हणायचे. हॅलिफॅक्सच्या विधानसभेत तेवीस वर्षं बसलेल्या माणसाने असं बोलणं मला पटायचं नाही. मी मॅलर्ड कोव्हच्या धक्क्यावर भरती-ओहोटीची वही ठेवतो, आणि निवडणूक असली की मतांची. धुकं किती वाजता आलं हे माझ्याकडे लिहिलेलं असतं.

ओबेद पर्डी, अख्ख्या गावाचे काका, शिडं शिवणाऱ्याचा मुलगा. त्यांचा धाकटा भाऊ ईनस एका ऑक्टोबरात मासे घेऊन परतताना काळ्या गाईवर आदळला. काळी गाय हा खाडीच्या तोंडाशी असलेला खडक. अर्ध्या भरतीला दिसेनासा होतो. होडी फुटली, ईनस खडकावर उभा राहून हाका मारत होता. अख्खं गाव किनाऱ्यावर उभं होतं, होड्या पाण्यात होत्या, आणि हाक कुठून येते ते कुणालाच कळेना. बायका नेहमीसारखी पातेली बडवत होत्या, आवाजाच्या रोखाने माणूस घरी यावा म्हणून. पण चाळीस पातेली चाळीस ठिकाणी वाजू लागली तर वल्हवणाऱ्याने जायचं कुठे? पाणी चढलं. हाका थांबल्या. पातेली मात्र बराच वेळ वाजत राहिली.

दुसऱ्या वर्षी ओबेदकाका निवडणुकीला उभे राहिले. मागणी एकच: काळ्या गाईवर घंटा. लोखंडी चौकटीत टांगलेली, लाटेबरोबर आपणच हलणारी, म्हणजे एकच आवाज, एकाच जागेवरून. सहा निवडणुका जिंकले. सभागृहात सव्वीस वेळा बोलले आणि सव्वीसही वेळा घंटेवर. बाकीचा वेळ बाकावर डुलक्या घ्यायचे, आणि मध्येच दचकून शेजाऱ्याला विचारायचे, "धुकं खाली उतरलं का?" हॅलिफॅक्समध्ये लोक हसायचे. सरकार दोनदा बदललं, पण काकांचा पक्ष एकच, घंटा, म्हणून ते दोन्ही वेळा विरोधी बाकांवरच निघाले.

सातव्या निवडणुकीला समोर हिबर्ट टिंगली उभा राहिला. वकील, वय तीस, सरकारच्या गोटातला, नवीन बूट.

त्या दिवशी धुकं असं, की मतदानाच्या मंचावरून टोप्यांची पहिली रांग तेवढी दिसत होती. आमच्याकडे मत तोंडाने द्यायचं. मंचावर चढायचं, आधी आपलं नाव सांगायचं, मग आपल्या उमेदवाराचं, आणि मी लिहायचं. माणसं दिसायच्या आधी त्यांचे आवाज वर येत होते, जणू गाव झोपेत बोलत होतं.

"नाव?"

"डॅनियल क्रॉस्बी. रोज तर बघतोस!"

"नियम आहे. मत कुणाला?"

"बायको म्हणते पर्डी."

"आणि तू?"

"मी म्हणतो, बायको खालीच उभी आहे. पर्डी!"

उमेदवारही मत देतात, आणि आमची रीत अशी, की उमेदवाराने मत समोरच्याला द्यायचं. दोघांनीही दिलं की फिटंफाट, कुणाचं काही जात नाही, फक्त सभ्यपणा उरतो. ओबेदकाकांनी सहाही वेळा तसंच केलं होतं. टिंगली दहाच्या सुमारास वर चढला.

"हिबर्ट टिंगली. मत, हिबर्ट टिंगलीला."

खाली टोप्या एकमेकींकडे वळल्या. मग धुक्यातून एक आवाज आला, "आईने शिकवलं नाही वाटतं!"

"शिकवलं होतं रे," दुसरा म्हणाला, "वकिलीच्या पुस्तकात दाबून ठेवलंय, सापडत नाही."

टिंगलीचे कान लाल झाले, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

चारला मतदान संपायचं. दहा मिनिटं उरली तेव्हा माझ्या वहीत दोन्हीकडे दोनशे अकरा. मत द्यायचे राहिले होते एकटे ओबेदकाका. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सगळेच बोटांवर मोजत होते.

काकांची बायको, हेप्सिबाकाकू, मंचाच्या पायरीशी आल्या. बायकांना मत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायला भरपूर असतं. हातात पोचे पडलेलं पातेलं होतं. सकाळपासून धुकं, सकाळपासून बडवणं.

"मिस्टर पर्डी," त्या म्हणाल्या. मिस्टर म्हणजे राग. "आज रीत खुंटीला टांगा. स्वतःचं नाव घ्या. त्या पोराने घेतलं ना?"

"घेतलं."

"मग? हे पातेलं मी अजून किती वर्षं बडवू?"

"हेप्सी, तेवीस वर्षं मी मागतोय. दिली कुणी?"

"म्हणून हरायचं?"

काका धुक्याकडे बघत राहिले, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं. मग वर चढले.

"नाव?" मी विचारलं.

"ओबेद पर्डी."

एकच गर्जना झाली. टोप्या उडाल्या, धुक्यात गेल्या आणि काही परत आल्याच नाहीत. काकूंनी पातेल्यावर एक दणका दिला. टिंगलीने मान खाली घातली.

माझी लेखणी वरच्या वर राहिली. ते तर मतदाराचं नाव होतं. मताचा रकाना कोराच होता! पर्डींच्या बाजूला एक रेघ ओढली असती, तर तालुक्यात कुणीही तक्रार केली नसती, टिंगलीनेसुद्धा. टोकावर शाईचा थेंब लोंबत होता. ईनस आणि मी एकाच बाकावर शिकलो होतो. थेंब वहीवर पडला, रकान्याच्या बाहेर.

"काका," मी हळूच म्हणालो, "हे तुमचं नाव झालं. मत?"

झोपेतून जागं केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हात वर केला. गलका विरला.

"हिबर्ट, जरा कान दे. काय ऐकू येतंय?"

टिंगलीने कान दिला. सगळ्यांनीच दिला. भरती लागली होती. कुठेतरी पाणी गोटे उलटेपालटे करत होतं.

"काहीच नाही, मिस्टर पर्डी."

"काळ्या गाईकडून मला तेवीस वर्षं हेच ऐकू येतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. मत, हिबर्ट टिंगलीला."

मी लिहिलं. दोनशे बारा, दोनशे अकरा.

परतताना काकू दहा पावलं पुढे चालत होत्या. पाठमोऱ्या माणसाचा राग लपत नाही.

"काका, हा सभ्यपणा की हिशेब?" मी विचारलं.

"घंटा देऊन मला मिरवू देईल कुठलं सरकार? हा त्यांचा माणूस. एका मताने आलाय, आणि ते कुणाचं, हे सगळ्यांनी कानांनी ऐकलंय."

"आणि नाही आणली तर?"

"तर म्हातारा मूर्ख होता. तुझ्या वहीत जागा असेलच."

दोन वर्षं मी ती जागा राखून ठेवली होती. पण टिंगलीची अवस्था बघवत नव्हती. दुकानात जावं तर दुकानदार कानामागे हात धरून विचारायचा, "हिबर्ट, काय ऐकू येतंय?" चर्चच्या दारात तेच. सासुरवाडीला जेवायला गेला, तर बीन्स वाढता वाढता सासूनेही तेच विचारलं म्हणतात.

तिसऱ्या वसंतात घंटा जहाजाने आली.

पहिल्या धुक्याला सात होड्या बाहेर होत्या. काका धक्क्यावर खुर्चीत, अंगावर घोंगडी. शेजारी काकू. सवयीने पातेलं घेऊन आल्या होत्या, ते मांडीवर पालथं. धुक्याच्या आतून घंटा वाजत होती, सावकाश, एकाच जागेवरून. होड्या एकामागून एक उगवत गेल्या. वहीत मी लिहिलं: गेल्या सात, आल्या सात.

काका मध्येच दचकले. "हेप्सी, धुकं खाली उतरलं का?"

"उतरलंय," काकू म्हणाल्या, आणि घोंगडी वर ओढली. "झोप तू."