नर्मदाकाकीच्या चाकातला मी

उतारावर पाय थांबवले की सायकलच्या मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते ना, तो माझा आवाज. मी फ्रीव्हील बोलतोय. सध्या मुक्काम शिरोड्याला, जितेंद्रच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात, मोडक्या पेडलांच्या डब्यात.

माझं काम तसं सोपं. पेडल मारलं की माझ्या पोटातल्या छोट्या खिट्ट्या दात पकडतात आणि चाक पुढे ढकलतात. पाय थांबले की त्या सोडून देतात, चाक आपलं पळत राहतं. कारखान्यात जन्मलो तेव्हा एवढंच शिकलो होतो. माणसाच्या पायात काय असतं, ते नर्मदाकाकीच्या सायकलला बसलो तेव्हा कळलं.

काकी आसोलीची. घरामागे सुरंगीची झाडं. मोसमात पहाटे कळ्या काढायच्या, त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफायचे आणि टोपली कॅरियरला बांधून शिरोड्याचा बाजार गाठायचा, हा तिचा नेम. अंगाने अगदी काटकुळी. पण चढणीला उतरून सायकल ढकलताना मी तिला कधी पाहिलं नाही. ओठ घट्ट मिटायची आणि पाय असा दाबायची की साखळी कुरकुरायची. खरं सांगतो, मला धडकी भरायची. अभिमानही वाटायचा.

जीवही लावायची. केसांना तेल लावून झालं की वाटीत उरलेलं खोबरेल माझ्यावर निथळवायची. घरच्या नारळांचं तेल, त्याहून चांगलं काय असणार, असं तिला वाटे. पण खोबरेल सुकून चिकट होतं, त्यात इथली खारी हवा आणि तांबडी धूळ. माझ्या खिट्ट्या हळूहळू चिकटून बसू लागल्या. एकदा चढणीवर तिने पाय दाबला आणि मला काही पकडताच आलं नाही. पेडल रिकामं फिरलं. काकी रस्त्यावर, टोपली गटारात.

घरी सगळ्यांनी निकाल दिला, वय झालं. मुलगा ओंकार म्हणाला, आता मी गाडीवरून सोडीन. पोरगा वाईट नाही, पण त्याला सवड मिळेपर्यंत फुलं मलूल व्हायची. पुढे पुढे काकीलाही पटलं की आपल्या पायांतलं बळ गेलं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. शेवटी सायकलला गिऱ्हाईक बघ, असं सांगायला ती ओंकारला घेऊन जितेंद्रकडे आली.

जितेंद्रने सवयीने मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. साखळी फिरली, मी फिरलो, चाक जागचं हललं नाही. त्याने माझ्यावर बोट फिरवून वास घेतला आणि हसला.

"काकी, खोबरेल घातलात? तुमचे पाय बरे आसत. ह्या फ्रीव्हील गेला."

मग मला काढायचं ठरलं. मी चाकावर आट्यांनी, बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवलेला असतो. चाक सुटं केलं, माझ्या तोंडावरच्या खाचांत किल्ली बसवली, ती शिकंज्यात आवळली. आता चाक दोन्ही हातांनी धरून उलटं फिरवायचं. जितेंद्रने जोर लावला. मी हललो नाही. रॉकेल सोडून वाट पाहिली, ओंकारला जोडीला घेतलं. दोघेही घामाघूम झाले आणि माझ्या एका खाचेची कड तेवढी उडाली. खाच पुरती गेली तर चाकच फुकट जाईल, असं जितेंद्र म्हणाला. ओंकार हात पुसत म्हणाला, राहू दे, नाहीतरी आता चालवणार कोण?

काकीने विचारलं, एवढं आवळलं तरी कोणी?

"कोणी नाय. मी नुसत्या हातान बसयलेला," जितेंद्र म्हणाला. "तुमी पाय मारीत गेलात, तसा ता आवळत गेला. ह्यो सगळो तुमचो जोर, काकी."

काकी माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या चढणी माझ्या आट्यांत साठल्या होत्या, आणि हे मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. दोन दांडगे पुरुष ज्यापुढे थकले, ते या बाईने रोज फुलं विकायला जाता जाता केलं होतं. माझ्या अंगावर काटा येत असता तर आला असता.

तिने पदर खोचला. चपला काढल्या. त्या दोघांच्या मधे शिरून टायर धरला आणि पाय रोवले.

तिघांच्या जोरातला तिचा जोर कुठला, हे मला कोणी सांगायला नको. तो खालून, टाचांपासून आला. कडाड असा आवाज झाला आणि मी सुटलो. ओंकार आईच्या पायांकडे बघत उभा राहिला. सायकल विकायची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही.

तुम्हाला एकच विनवणी. सायकल अडखळली तर पायांना नावं ठेवू नका, आधी चाक उघडून बघा. आणि खोबरेल केसांनाच लावा.

माझ्या जागी आता नवा गडी बसलाय. जितेंद्रने त्यालाही हातानेच फिरवून बसवलं. ओंकार सोडायला येतो म्हणाला, तर काकीने त्याला दुकानातच बसवलं आणि टांग मारून निघाली. नव्याची टिकटिक मला लांबपर्यंत ऐकू आली. मग चढण लागून पाय चालू झाले असावेत, कारण टिकटिक थांबली. अजून सैल आहे बिचारा. कोणाच्या पायांखाली गेलाय, त्याला ठाऊक नाही.